उतरताना अडकणारा थ्रॉटल

मला उंचीची भीती वाटते. विमानाच्या मिस्त्रीने असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. विमान जमिनीवर उभं असेल तर त्याच्या पोटात डोकं घालून मी दिवसच्या दिवस काढीन, तक्रार करणार नाही. पण तेच विमान वर गेलं आणि मी आत असलो, की मी खुर्चीची कड सोडत नाही. हवाई दलात इतकी वर्षं काढली, पण तिथे मिस्त्रीला कोणी वर नेत नसे. तिथलं काम सोडून धुळ्याला घरी परतलो, तेव्हा वाटलं, आता ट्रॅक्टर दुरुस्त करीन, सुखाने जगेन.

कसलं सुख! एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. जळगावचे एक शेटजी होते, तेलाची गिरणी आणि केळीचा व्यापार असलेले. त्यांच्या डोक्यात विमान घ्यायचं आलं. दोन भागीदार धरून त्यांनी एक जुनं, दोन इंजिनांचं लहान विमान घेतलं. पायलटसकट सहा माणसं बसायची. विमान आलं, कॅप्टन आला, आणि मिस्त्री म्हणून मला बोलावणं आलं. मी बायकोला घेऊन जळगावला बिऱ्हाड केलं.

शेटजी माणूस गोड, पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. त्यांच्या ट्रकचे ब्रेक ज्या मिस्त्रीने दुरुस्त केले, त्याने कन्नडचा घाट उतरेपर्यंत ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. घाट उतरला की त्याला चहा पाजून परत पाठवायचं. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली पद्धत होती. "तसंच विमानाचं, मिस्त्री," ते म्हणाले, "ज्याने हात लावला, त्याने पहिल्या खेपेला आत बसायचं." मी हो म्हणालो. नाही म्हणून जाणार कुठे? पण घरी आल्यावर मी ताट तसंच सारून उठलो, तेव्हा बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का?

बायको साक्रीकडच्या खेड्यातली. विमान तिने आकाशातच काय ते पाहिलेलं. त्या वर्षी दसऱ्याला शेटजींनी गिरणीतल्या यंत्रांची, तराजूंची, ट्रकची पूजा केली आणि मग विमानाची. झेंडूची माळ पंख्याला घातली, नारळ फोडला. बायकांनाही बोलावलं होतं. बायको आत चढली, पुढच्या खुर्चीवर हात फिरवला आणि विचारलं, "तुम्ही कोठे बसतस?" मी दाखवलं, कॅप्टनच्या शेजारी. ती बराच वेळ तिथे बसून राहिली. खाली उतरताना तिचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "घाबरू नको, दोघांच्या वाटचं मीच घाबरतो." तिला हसू आलं नाही.

दसरा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅप्टन मुंबईहून एकटाच विमान घेऊन आला. उतरला आणि खाली येऊन थेट माझ्यापाशी. पुण्याकडचा माणूस, कमी बोलणारा, पण त्या दिवशी त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मिस्त्री, उजवा थ्रॉटल अडकला."

"कुठे?"

"उतरताना. अर्ध्यावर आला आणि थांबला. ओढतोय, ओढतोय, येईना. टेकायच्या जरा आधी आपोआप सुटला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खुर्च्यांच्या मध्ये एक पेटी असते. तिच्यातून दांडे वर आलेले असतात, प्रत्येक इंजिनाचा एक. दांडा पुढे ढकलला की इंजिन जोर करतं, मागे ओढला की मंद होतं. पेटीच्या आत दांड्याचं खालचं टोक असतं, त्याला तार जोडलेली, आणि ती तार पार इंजिनापर्यंत जाते. झालं एवढंच. पण उतरताना एक इंजिन मंद झालं आणि दुसरं तसंच जोरात राहिलं तर विमान सरळ राहत नाही. नाक एका बाजूला वळायला लागतं, वेग उतरत नाही, आणि जमीन तर जवळ येत असते.

मी कामाला लागलो. इंजिनाचं झाकण काढलं. धावपट्टीवरच्या वॉचमनला आत बसवून दांडा हलवायला सांगितला आणि मी इंजिनापाशी बघत राहिलो. टोकापासून टोकापर्यंत व्यवस्थित जात होता. मग इंजिनाकडची तार सोडवली. तार सोडवल्यावर तिथला आर्म, म्हणजे तार जिला ओढते ती छोटी दांडी, बोटाने हलवला, लोण्यासारखा हलला. म्हणजे इंजिनाकडे दोष नाही. मग नुसता दांडा आणि तार, तीही सुरळीत. दांडे घट्ट धरणारा नट सैल करून पाहिला. तार जिथे पत्र्यातून आरपार जाते तिथे घासते का, ते पाहिलं. आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे, वाळली की पिठासारखी उडते आणि तेलात बसली की डिंकासारखी होते. म्हणून सगळं पेट्रोलने धुतलं, नवीन तेल दिलं. मधल्या पेटीची बाजूची खिडकी उघडून आरसा आणि बॅटरी घालून आत पाहिलं. दांडे स्वच्छ, खिळे जागच्या जागी. मागच्या कोपऱ्यात वायरांचा जुडगा होता, तो तर नेहमीचाच.

तार धरून ठेवणारा एक क्लॅम्प किंचित सैल सापडला. तेवढाच. तो मी आवळला आणि स्वतःला सांगितलं, हाच तो. पण खरं सांगतो, माझा माझ्यावर विश्वास बसला नाही. सापडलेल्या दोषाची मला कधी भीती वाटली नाही. जो सापडत नाही तो रात्रंदिवस छातीवर बसतो. जेवायला बसलो तरी माझा उजवा हात मांडीवर दांडा मागे ओढत असायचा. बायको बघायची.

शेटजी कामासाठी धुळ्याला गेले होते, त्यांना तिथून आणायचं होतं. ते फोनवर खुशीत म्हणाले, तपासणीचं उड्डाण धुळ्यापर्यंतच करा, म्हणजे पेट्रोल फुकट जायला नको आणि मलाही घेऊन या. मी म्हटलं, दोष सापडलेला नाही. तर म्हणाले, "तुम्ही हात लावलाय ना? मग झालं." त्यांचा माझ्यावरचा तो विश्वास मला त्या क्षणी शिवीसारखा वाटला. पण मी काय करणार? सकाळी घरातून निघालो तेव्हा बायको अंगणात उभी होती, चेहऱ्यावर विलक्षण शांत. मला तिचा रागच आला. नवरा जिवावर उदार होऊन निघालाय आणि ही बघा!

जळगाव सोडलं. उजव्या थ्रॉटलवर माझे डोळे खिळलेले. खाली केळीच्या बागा, मग गिरणा, मग एरंडोल, मग नुसता कापूस. कॅप्टनने दोन वेळा दांडा मागेपुढे करून पाहिला. सुरळीत. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी दांड्यावरची नजर काढली नाही. पारोळा मागे पडलं, लांबवर लळिंगचा किल्ला दिसायला लागला. धुळं आलं. कॅप्टनने नाक खाली केलं आणि दोन्ही दांडे मागे ओढले.

डावा आला. उजवा अर्ध्यावर थांबला.

विमानाचं नाक डावीकडे वळायला लागलं. कॅप्टनने चटकन डावा पुन्हा पुढे ढकलला, तेव्हा कुठे सरळ झालं. पण आता दोन्ही इंजिनं जोरात आणि जमीन वर येतेय. तो ओरडला, "मिस्त्री!" जणू दांडा मीच आतून धरून ठेवलाय. मी दोन्ही हातांनी ओढायला गेलो, त्याने माझा हात झटकला. "तुटला तर?" तो म्हणाला. खरं होतं ते. तार तुटली तर इंजिन कसंही वागेल.

त्याने नाक वर केलं, शहरावरून वळसा घेतला, थोडी उंची घेतली. आणि वर जाताना, मी सहज म्हणून बोट लावलं, तर उजवा दांडा सुटला. अगदी सहज मागे आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कॅप्टन म्हणाला, "गेला वाटतं दोष." मला मात्र ते पटलं नाही.

पुन्हा खाली आलो. पुन्हा अर्ध्यावर अडकला. पुन्हा वर गेलो, पुन्हा सुटला.

देवाचं नाव घेऊ की रडू, कळत नव्हतं. पण त्या गोंधळातही डोक्याचा एक कोपरा मिस्त्रीचाच होता. नाक खाली केलं की अडकतो. नाक वर केलं की सुटतो. मुंबईहून येताना टेकायच्या आधी सुटला, कारण टेकताना कॅप्टन नाक वर उचलतो. जमिनीवर विमान सपाट उभं असतं, म्हणून मला काही सापडत नाही. हे तारेचं दुखणं नाही आणि मातीचंही नाही. पेटीत काहीतरी सुटं आहे आणि ते गडगडतं आहे.

"साहेब," मी ओरडलो, "आत काहीतरी पडलंय. उतार लागला की पुढे येतं आणि दांड्याच्या खालच्या टोकापुढे बसतं!"

"काय पडलंय?"

"मला काय माहीत!"

"काढ मग!"

काढ म्हणे! पेटी उघडायची तर खुर्ची सोडवायला हवी. खिडकीतून बोट घातलं तर आतल्या फिरत्या दांड्यात बोट जायचं. मी डोळे मिटून पेटी डोळ्यांपुढे आणली. दांड्याचं वरचं टोक मागे ओढलं की खालचं टोक पुढे जातं. त्या टोकाला पुढे जायला ती वस्तू आडवी येते. मग ती वस्तू पुढे यायच्या आधीच टोक पुढे नेलं तर?

"सपाट उडताना उजवा पूर्ण मागे ओढून ठेवा," मी म्हणालो, "मग नाक खाली करा. ती वस्तू गडगडत येईल, पण टोक आधीच पुढे गेलेलं असेल. ती मागे राहील. इंजिन मंदच राहील."

कॅप्टनने दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "आणि परत जोर द्यायचा झाला तर?"

"नाही देता येणार. बहुतेक."

बहुतेक हा शब्द किती भयंकर असतो ते मला त्या दिवशी कळलं. ते विमान एका इंजिनावर, आश्विनातल्या त्या उन्हात, फार तर पुढे सरकलं असतं, वर चढलं नसतं. म्हणजे उतरायची संधी एकच. चुकलं तर पुन्हा वळसा नाही. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "करा."

त्याने उजवा मागे ओढला. नाक खाली केलं. आणि मी तो आवाज ऐकला, इंजिनाच्या आवाजातही ऐकला की ऐकल्यासारखा वाटला, माझ्या गुडघ्यापाशी पेटीत काहीतरी टक्कन आपटलं. उजवा मंदच राहिला. धावपट्टी समोर येत होती, मुरमाची, तांबडी. मी तिच्याकडे डोळे फाडून बघत होतो. आणि तिच्या तोंडाशी शेळ्या.

"शेळ्या! शेळ्या!" मी ओरडलो. कॅप्टनला दिसल्याच होत्या. त्याने दोन्ही दांडे पुढे ढकलले. उजवा जागचा हलला नाही. एकट्या डाव्याने जोर केला आणि नाक उजवीकडे, थेट बाभळींकडे वळलं. कॅप्टनने डावा पाय जीव खाऊन दाबला. शेळ्या खालून गेल्या, एक गुराखी जमिनीवर पालथा पडलेला मी पाहिला. आम्ही पट्टीच्या मधोमध आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो. ब्रेक, धूळ, माझी किंकाळी. पट्टी संपली. कापसात थोडं आत जाऊन विमान थांबलं.

कॅप्टनने इंजिनं बंद केली. मग कॅप्टनने स्वतःचं कपाळ समोरच्या स्टिअरिंगच्या चाकावर टेकवलं. मी रडत होतो. लाज वाटली नाही.

खाली उतरल्यावर मला भीतीचा राग आला, आणि तो राग काढायला पेटीच होती. खुर्ची सोडवली, तळाचा पत्रा काढला. हात घातला तर हातात आली सुपारी. पिवळ्या हळदीच्या फडक्यात बांधलेली, वर दोरा. फडकं तेलाने काळवंडलेलं, आणि सुपारीच्या अंगावर दांड्याच्या टोकाने पडलेली खोल खाच. दांडे जिथून वर येतात त्या फटीवरची रबराची पट्टी उन्हाने तुटली होती, नवी अजून यायची होती. तिथूनच ही आत पडली आणि विमान जमिनीवर असताना त्या वायरांच्या जुडग्याआड लपून राहिली.

दसऱ्याची पूजा! आणि पूजा कोणी केली? शेटजींनी. ते तिथेच लिंबाखाली गाडीत वाट बघत होते. मी तसाच तावातावाने गेलो आणि सुपारी त्यांच्यापुढे धरली. "हे बघा तुमचं दैवत! आज आम्हाला घेऊन जाणार होतं." एरवी मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नसता. त्यांनी सुपारी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, डोळ्यांना लावली आणि परत दिली. "मिस्त्री, माझी सुपारी मी त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यात नेली. आम्ही असं फडक्यात नाही बांधत."

मग कोणाची? मी काहीतरी पुटपुटलो. थ्रॉटल आता सुरळीत होता, विमान ढकलून पट्टीवर आणलं, कॅप्टन शेटजींना घेऊन जायला तयार झाला. नियमाप्रमाणे मीही बसायला हवं होतं. मी म्हटलं, "नियम गेला खड्ड्यात. मी एसटीने येतो." शेटजी विमानात चढले. पारोळ्याच्या अलीकडे बसच्या खिडकीतून मला आमचं विमान वरून जाताना ऐकू आलं. आवाज जाईपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो.

घरी पोचलो तेव्हा बायको दारात तांदूळ निवडत होती. मी काहीच न बोलता खिशातलं सगळं काढून पाटावर ठेवलं, पाना, रुमाल, सुट्टे आणि ती सुपारी. शिव्या घालायला तोंड उघडणार, कोणाला ते माहीत नव्हतं, तेवढ्यात तिने सुपारी उचलली.

"ही काबर काढी तुम्ही?"

"का काढली म्हणजे?" मी विचारलं.

"मी मुद्दाम ठेयेल व्हती," ती म्हणाली. "दसराले. तुम्ही बसतस त्या जागाजवळ. वर कोनी तरी तुमना संगे पाहिजे ना." तिला वाटलं, मी देवालाच खाली उतरवून ठेवलं, आणि म्हणून ती रागावली होती. सकाळची तिची शांतता कुठून आली होती ते मला आता कळलं. माझ्यासाठी जी भीत होती, तिच्याच हाताने. हे तिला सांगायचं? आणि न सांगावं, तर ही उद्या दुसरी सुपारी ठेवील.

मी म्हणालो, "विमानात असं काही ठेवायला सरकारची मनाई आहे. नको ठेवत जाऊस." आवाज शक्य तितका साधा ठेवला.

तिने मान हलवली. पण तिचं बोट सुपारीवर फिरत होतं, आणि ते त्या खाचेवर येऊन थांबलं. तिने खाचेकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. उजवा अजूनही हवेत दांडा मागे ओढत होता. मी ते पाठीमागे घेतले, उशिरा घेतले.

"हिले काय व्हयनं?" तिने हळूच विचारलं.

"काही नाही. जुनी सुपारी, चिरली असेल."

तिने सुपारी पाटावर परत ठेवली. तांदूळ निवडायचे राहिले होते, ते निवडले नाहीत. आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही, आयुष्यभरात एकदाही नाही. पण त्या दिवसानंतर मी वर जाणार असलो की तिने माझ्यासोबत काहीही दिलं नाही. ना फूल, ना अंगारा, ना जेवणाचा डबा. मी मागितला तरी द्यायची नाही. दारात उभी राहायची, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी पुढे बरीच वर्षं त्या विमानात बसलो, आणि जेवण मी एसटी स्टँडवर करायचो.